नकलेतून तैलचित्रण : अजिंठ्याच्या प्रतिकृती आणि मुंबईची कलाशाळा

थोर चित्रकाराच्या मनुष्याकृतींच्या रचनेची नक्कल करीत तैलरंगाचे तंत्र आत्मसात करणे, ही युरोपातील जुनी अध्ययनपद्धती होय. रूबेन्ससारख्या कीर्तिमान चित्रकारानेही १६२८-२९ मध्ये माद्रिद येथे तिशियनच्या चित्रांच्या प्रती केल्या. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये हीच पद्धती आली. तथापि तिशियन वा राफाएल यांची मूळ चित्रे विद्यार्थ्यांसमोर नव्हती. होते ते प्रामुख्याने प्लास्टरचे पुतळे. ही उणीव अजिंठ्याने भरून काढली, असे म्हणता येईल.

मेजर रॉबर्ट गिल याने १८४४ पासून केलेल्या अजिंठ्याच्या तैलप्रतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत नष्ट झाल्या. त्यानंतर १८७२ पासून १८८५ पर्यंत जॉन ग्रिफिथ्स कलाशाळेच्या विद्यार्थ्यांसह लेण्यांत काम करीत राहिला. पेस्तनजी बमनजी हे त्यांतील प्रमुख नाव. सोळाव्या लेण्यातील 'मरणासन्न राजकन्या' (अलीकडील अभ्यासक तिला नंदाची पत्नी सुंदरी मानतात) या चित्राची थोरवी सांगताना ग्रिफिथ्सने मापदंड घेतला तो फ्लॉरेन्सच्या रेखांकनाचा आणि व्हेनिसच्या रंगांचा. भावदर्शनात मात्र अजिंठा त्यांच्यापेक्षा उणा नाही, असा त्याचा निर्वाळा होता. म्हणजे गुरूची दृष्टी प्रबोधनकालीन इटलीची, आणि समोरची भिंत वाकाटककालीन!

येथेच खरी अडचण होती. पुतळ्यांवरून शिकलेला विद्यार्थी छायाप्रकाशाने घनता साधतो. अजिंठ्यात आकृतीला घाट येतो तो मुख्यतः रेषेने. शिवाय मूळ रंग कोरड्या गिलाव्यावरचे, चकाकी नसलेले. कॅनव्हासवरील तैलरंग चकाकतो व कालांतराने काळवंडतो. त्यामुळे या प्रती बिनचूक नोंदी म्हणून काहीशा अपुऱ्या, पण शिक्षण म्हणून अत्यंत कसदार ठरल्या असाव्यात.

१८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील आगीत त्यांतीलही अनेक जळाल्या. उरलेल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. १८९६-९७ मधील द्विखंडात्मक ग्रंथ ग्रिफिथ्सच्या नावाने ओळखला जातो. विद्यार्थ्यांची नावे मराठवाड्यातही फारशी कोणास ठाऊक नाहीत.

प्रती करताना रंग उजळ दिसावेत म्हणून मूळ भित्तिचित्रांवर व्हार्निश चढविले गेले व ते पुढे पिवळे पडले. परभणी, चुडावा हा भाग ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्याच संस्थानात अजिंठाही होता. निजाम सरकारने १९२० मध्ये लेण्यांच्या जतनासाठी लोरेन्झो चेक्कोनी व ओर्सिनी या तज्ज्ञांना पाचारण केले, तेही इटलीतूनच.