वन्यजीव छायाचित्रण : टेलिफोटो व झूम भिंगे

दूरवरच्या वस्तूची मोठी प्रतिमा देणारे, पण स्वतःच्या केंद्रांतरापेक्षा आखूड बांधणीचे भिंग म्हणजे टेलिफोटो भिंग. प्रतिमेची जागा न बदलता ज्याचे केंद्रांतर ठराविक मर्यादेत कमीजास्त करता येते, ते झूम भिंग होय. वन्य पशुपक्षी माणसास जवळ येऊ देत नाहीत, म्हणून ही भिंगे वन्यजीव छायाचित्रणात आवश्यक ठरली. तथापि प्रारंभीच्या वन्यजीव छायाचित्रकारांची कीर्ती या भिंगांवर फारशी अवलंबून नव्हती, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

प्रतिमेचा आकार केंद्रांतराच्या सम प्रमाणात व अंतराच्या व्यस्त प्रमाणात असतो. खांद्यापाशी सु. १ मी. उंच असलेला वाघ ४० मी. अंतरावर उभा असेल, तर ५० मिमी. केंद्रांतराच्या नेहमीच्या भिंगाने त्याची प्रतिमा जेमतेम १·२५ मिमी. उंच पडते, ४०० मिमी. भिंगाने ती १० मिमी. होते. ३५ मिमी. फिल्मवरील चौकटीची उंची २४ मिमी. असते, हे ध्यानात घेतल्यास फरक स्पष्ट होतो.

बहिर्गोल भिंगसमूहामागे अंतर्गोल समूह बसविल्यास नळीची लांबी न वाढविता केंद्रांतर वाढविता येते. या तत्त्वावर १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये टॉमस रूडॉल्फस डॅलमेयर यांनी आणि त्याच सुमारास जर्मनीत अडोल्फ मीटे व अडोल्फ श्टाइनहाइल यांनी स्वतंत्रपणे छायाचित्रणाची टेलिफोटो भिंगे तयार केली. मात्र त्यांतून प्रकाश फार कमी मिळे आणि तत्कालीन काचपट्ट्याही मंदसंवेदी होत्या; त्यामुळे हलणाऱ्या प्राण्यासाठी त्यांचा उपयोग मर्यादित राहिला. इंग्लंडमधील रिचर्ड व चेरी कर्टन हे बंधू पोकळ कृत्रिम बैलाच्या पोटात दडून पक्ष्यांपाशी जात. भारतात वनाधिकारी एफ्. डब्ल्यू. चँपियन यांनी वाटेवर तार ताणून वाघाच्याच पावलाने झडप उघडेल व प्रखर प्रकाश पडेल अशी योजना केली. त्यांचे विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड हे पुस्तक १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले. भिंगाची उणीव अशा रीतीने लपणाने व युक्तीने भरून काढली जात होती.

लांब भिंग सर्वसामान्य हौशी छायाचित्रकाराच्या हाती आले ते एकभिंगी परावर्ती कॅमेऱ्यामुळे. या कॅमेऱ्यात भिंगाने घडविलेली प्रतिमाच आरशावाटे डोळ्यास दिसते. त्यामुळे चौकट साधणे व केंद्रीकरण करणे सोपे होते. ३५ मिमी. फिल्मचा ‘किने एक्साक्टा’ १९३६ मध्ये, तर ‘निकॉन एफ’ १९५९ मध्ये बाजारात आला.

केंद्रांतर वाढते तसा वर्णविपथनाचा दोष अधिक जाणवतो व प्रतिमेच्या कडांना रंगीत झालर येते. १९६९ मध्ये कॅनन कंपनीने कृत्रिम फ्ल्युओराइट स्फटिक वापरलेले ३०० मिमी. भिंग विक्रीस आणले. पुढे अल्प अपस्करणाच्या विशेष काचाही प्रचारात आल्या. ही भिंगे उत्कृष्ट, पण महाग असतात. अंतर्गोल आरसा वापरणारी ५०० मिमी. भिंगे हा त्यांना स्वस्त व हलका पर्याय होता. परंतु त्यांचे छिद्र कमीजास्त करता येत नाही आणि पार्श्वभूमीतील तेजस्वी ठिपके कड्यांसारखे दिसतात. दाट रानातील सकाळच्या प्रकाशात एफ/८ हे छिद्र अपुरे पडते.

झूम भिंगाचे एकस्व अमेरिकेत सी. सी. ॲलन यांना १९०२ मध्ये मिळाले होते. १९३२ चे ‘वारो’ भिंग चित्रपटासाठी होते. स्थिरचित्रणासाठी १९५९ मध्ये ३६–८२ मिमी.चे ‘झूमार’ व ८५–२५० मिमी.चे ‘निक्कॉर’ ही भिंगे आली. सुरुवातीची झूम भिंगे रेखीवपणात स्थिर केंद्रांतराच्या भिंगांपेक्षा उणी होती आणि त्यांविषयीचा जाणकारांचा नापसंतीचा सूर त्या काळी योग्यच होता. संगणकीय आकडेमोडीमुळे पुढे हे अंतर कमी झाले. १९९५ मध्ये कंपन-नियंत्रण असलेले ७५–३०० मिमी. व १९९८ मध्ये १००–४०० मिमी. झूम भिंग आले. २०१३ नंतरच्या १५०–६०० व २००–५०० मिमी. भिंगांनी हौशी छायाचित्रकारांची पसंती मिळविली. कंपन-नियंत्रण हाताचा कंप झाकते, प्राण्याची हालचाल नव्हे. तीसाठी झडपेचा वेगच वाढवावा लागतो.

निवड करताना केवळ केंद्रांतराचा आकडा पाहणे चुकीचे आहे. ६०० मिमी., एफ/४ भिंगाच्या प्रवेशछिद्राचा व्यास १५० मिमी. असतो, त्याचे वजन व किंमत यातूनच उद्‌भवते. ताडोबासारख्या अरण्यात वाहनातूनच चित्रण करावयाचे असते. तेथे प्राणी क्षणात वाटेवर येतो आणि लांब स्थिर भिंगात तो मावत नाही; झूम भिंग अशा वेळी अधिक उपयोगी पडते. वाहनात तिपाईपेक्षा धान्य भरलेल्या पिशवीचा आधार सोयीचा असतो. लहान पक्ष्यांसाठी मात्र ४०० मिमी. हे किमान केंद्रांतर मानावे. दुप्पट वर्धकाने केंद्रांतर दुप्पट होते, पण प्रकाश एक चतुर्थांश उरतो. वैशाखातील दुपारी तापलेल्या जमिनीवरील हवा थरथरत असल्याने दूरची प्रतिमा कोणत्याही भिंगाने अस्पष्टच येते. घरट्यापाशी लांब भिंगाचा खरा लाभ मोठ्या प्रतिमेपेक्षा पक्ष्याला उठावे न लागण्यात आहे. जवळ गेल्याने उठलेल्या पक्ष्याची अंडी उन्हात तापतात किंवा कावळ्यांच्या नजरेस पडतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये अभयारण्यात छायाचित्रणासाठी प्रवेशाचा परवाना मुख्य वन्यजीव रक्षक देतो.

फिल्मच्या जागी अंकीय संवेदक आल्यानंतर मंद प्रकाशाची अडचण बरीच कमी झाली. २०२० मध्ये आलेली ६०० व ८०० मिमी.ची दोन भिंगे अनुक्रमे सु. ०·९३ व १·२६ किग्रॅ. वजनाची आहेत; त्यांचे छिद्र एफ/११ असून जुन्या आरसा-भिंगांप्रमाणे तेही बदलता येत नाही.