परिचारिका आणि मतपेटी

श्रोतेहो, नाशिक जिल्ह्यातील निफाड हे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे ह्यांचे जन्मगाव, हे तुम्हांस ठाऊकच आहे. पण त्यांच्या पत्नी रमाबाई ह्यांनी सार्वजनिक जीवनाचा पहिला धडा नाशकातच गिरवला, हे किती जणांच्या ध्यानात असते? १८७८ च्या सुमारास रानड्यांची नाशकास बदली झाली. तेथे शाळेच्या समारंभात रमाबाईंनी पहिले जाहीर भाषण केले. ते रानड्यांनीच लिहून दिले होते! पुढे त्याच बाई स्वतःच्या शब्दांत सरकारशी बोलू लागल्या.

मधल्या काळात घडले काय? १९०९ साली पुण्यास सेवासदन निघाले. रमाबाई त्याच्या अध्यक्षा. तेथे स्त्रियांना अनेक विद्या शिकवीत, आणि परिचारिकेच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठवीत. परक्या माणसाची जखम धुवायची, रात्री जागायचे. असले काम घरंदाज म्हणवणाऱ्यांना तेव्हा हलके वाटे. विटाळाचा बाऊ होताच, शिवाय लोक काय म्हणतील ही धास्ती. तरी विधवा व गरजू स्त्रिया पुढे आल्या. हाताला काम आले, तशी मान वर झाली.

आता राजकारणाकडे वळू. रमाबाई कायदेमंडळात कधी बसल्या नाहीत. पण मुलींनाही सक्तीचे प्राथमिक शिक्षण हवे, म्हणून १९२० साली पुण्यात त्यांनी चळवळ केली. स्त्रियांना मत द्यायचे की नाही, हे १९१९ च्या कायद्याने प्रांतांवर सोडले होते. मुंबई प्रांतात त्या हक्कासाठीही रमाबाई झटल्या, आणि १९२१ साली तो मिळाला. मात्र अट मालमत्तेची! शेतात राबणाऱ्या बाईच्या हाती मतपत्रिका आली ती १९५१-५२ च्या निवडणुकीत. रमाबाई १९२४ सालीच वारल्या होत्या.

पुढे एक परिचारिकाच मोठ्या पदावर पोहोचली. पूर्वी हे काम केलेल्या किशोरी पेडणेकर २०१९ साली मुंबईच्या महापौर झाल्या. करोनाच्या साथीत, एप्रिल २०२० मध्ये, परिचारिकेचा गणवेश घालून त्या नायर रुग्णालयात गेल्या नि तिथल्या परिचारिकांना धीर दिला.

गुरुजी, मायबहिणींनो, गावात नर्सबाई येते तेव्हा आपण लस टोचून घेतो नि वाटेला लागतो. कोणाच्या घरात पाणी गढूळ येते, कोणती पोर अशक्त आहे, हे तिला ठाऊक असते. ग्रामसभेत तिला एकदा विचारून तर पाहा, बाई, तुमचे मत काय?