बीटाचे दार : ऑनलाइन खेळांच्या चाचणीत 'सर्वांना' म्हणजे कोणाला प्रवेश मिळाला? (थ्रेड)

१. नवा ऑनलाइन खेळ बाजारात येण्यापूर्वी कंपनी जाहीर करते, 'बीटा चाचणी आता सर्व प्रदेशांतील खेळाडूंसाठी खुली.' ही घोषणा आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागे चार दशकांहून अधिक काळाचा इतिहास आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. आजच्या थ्रेडमध्ये त्या इतिहासाचा, आणि विशेषतः त्यातील 'सर्व' या शब्दाचा मागोवा घेऊ.

२. आधी संज्ञा. बनवणाऱ्यांची स्वतःची तपासणी झाली आहे, परंतु वस्तू विक्रीस सिद्ध नाही, अशा मधल्या अवस्थेत ती बाहेरच्या माणसांच्या हाती देऊन पाहणे म्हणजे बीटा चाचणी. एकट्याने खेळायच्या खेळात शंभर जाणते परीक्षक पुष्कळ झाले. ऑनलाइन खेळाचे तसे नाही. तेथे हजारो माणसे एकाच वेळी एका जगात वावरतात. त्यामुळे गर्दी हेच चाचणीचे उपकरण ठरते. ती गर्दी कोठून आणायची, हा प्रश्न प्रारंभापासूनच आहे.

३. १९७८ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने 'मड' नावाचा शब्दमय खेळ रचण्यास आरंभ केला. पुढे रिचर्ड बार्टल याने तो पूर्णत्वास नेला. १९८० मध्ये विद्यापीठाचे जाळे अर्पानेटशी जोडले गेले आणि बाहेरचे खेळाडू आत येऊ लागले. मात्र संगणक विद्यापीठाचा, त्यामुळे पाहुण्यांना प्रवेश मिळे तो रात्री, जेव्हा यंत्रावर कामाचा भार नसे. दार उघडे होते. पण ज्याच्याकडे मॉडेम, फोनच्या बिलाची ऐपत आणि जागण्याची तयारी होती त्याच्यासाठी.

४. आता १९९७. टेक्सासमधील ऑस्टिन येथील ओरिजिन सिस्टिम्सचा 'अल्टिमा ऑनलाइन' तयार होत होता. कंपनीने इंटरनेटवरून आवाहन केले : चाचणीत भाग घ्यायचा असेल तर ५ डॉलर पाठवा, सीडी टपालाने येईल. अपुऱ्या खेळासाठी पदरचे पैसे कोण मोजणार, अशी शंका होती. सुमारे ५०,००० लोकांनी नावे नोंदवली. ऑनलाइन खेळांना एवढी मोठी मागणी आहे, हे कंपनीला खेळ विकून कळण्याआधी चाचणीतूनच कळले.

५. त्या गर्दीने निर्मात्यांना बरेच काही शिकवले. खेळात एक कृत्रिम परिसंस्था रचली होती : गवत, ते खाणारे ससे, सशांवर जगणारे लांडगे. खेळाडू आत आले आणि दिसेल तो प्राणी मारत सुटले. परिसंस्थेला तग धरायला अवधीच मिळाला नाही. अखेर ती काढून टाकावी लागली. ऑगस्ट १९९७ मध्ये तर खुद्द निर्माता रिचर्ड गॅरियट आपल्या 'लॉर्ड ब्रिटिश' या राजाच्या रूपात प्रजेसमोर उभा असताना एका खेळाडूने त्याला आगीच्या मंत्राने ठार केले. सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला होता आणि राजाला अवध्य ठेवणारी सोय चालू करायची राहून गेली होती. बंद खोलीतल्या तपासणीत हे घडले नसते.

६. इतिहासाच्या वर्गात आम्हाला प्रथम शिकवतात ते हे : कागद काय सांगतो हे वाचा, मग तो कोणाविषयी मौन बाळगतो ते पाहा. त्या ५०,००० जणांची यादी हाही एक कागदच. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने सुरू केली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी, मुंबईसह मोजक्या महानगरांत. खासगी सेवादार आले १९९८ च्या अखेरीस. १९९७ मध्ये कोल्हापूर किंवा नांदेडच्या मुलाला त्या यादीत शिरण्याचा मार्गच नव्हता.

७. आणि दार उघडे असते तरी अंतर आडवे येतेच. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २,००,००० किलोमीटर जातो. मुंबई ते टेक्सास सुमारे १४,००० किलोमीटर. म्हणजे संदेश जाऊन परत येण्यास किमान १४० मिलिसेकंद. यालाच खेळाडू 'पिंग' म्हणतात. वास्तवात केबलची वळणे आणि मधली यंत्रे मिळून तो बराच वाढतो. जपानी खेळाडूंनी हाच अडथळा सोसला. १९९८ मध्ये त्यांच्यासाठी वेगळे सर्व्हर सुरू झाले, तेव्हा कोठे ते समान पातळीवर आले.

८. कंपन्यांनी यावर तोडगा काढला तो जगाची विभागणी करण्याचा. ब्लिझार्डचा 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' नोव्हेंबर २००४ मध्ये उत्तर अमेरिकेत आला, जानेवारी २००५ मध्ये कोरियात, फेब्रुवारीत युरोपात, जूनमध्ये चीनमध्ये. चाचण्याही प्रदेशवार झाल्या. 'रीजन' हा शब्द खेळाडूंच्या बोलीत रुजला तो या काळात.

९. त्याच कंपनीच्या 'डायब्लो ३' ची चाचणी सप्टेंबर २०११ पासून प्रामुख्याने निमंत्रितांपुरती होती. २० ते २२ एप्रिल २०१२ या शनिवार-रविवारच्या सुट्टीत ती बॅटल.नेटच्या सर्व खातेधारकांना खुली झाली. तरीही १५ मे रोजी खेळ प्रसिद्ध झाला तेव्हा लाखो लोकांच्या पडद्यावर एकच संदेश झळकला : 'एरर ३७', म्हणजे सर्व्हर व्यग्र आहेत. एकट्याने खेळायचे असले तरी इंटरनेटची जोडणी सक्तीची होती. पैसे मोजलेला ग्राहक दारातच खोळंबला. पहिल्या २४ तासांत ३५ लाखांहून अधिक प्रती खपल्या होत्या. कोरियातील तक्रारी तेथील व्यापार आयोगापर्यंत गेल्या आणि जूनमध्ये कंपनीने ठरावीक पातळीखालील खेळाडूंना पैसे परत देऊ केले.

१०. आणखी एक बाब. त्या चाचणीत खेळाचा केवळ आरंभीचा भाग होता आणि खऱ्या पैशांचा लिलावबाजार लुटुपुटीच्या चलनावर चालत होता. पुढे याच बाजाराने खेळाची गोडी घालवली आणि मार्च २०१४ मध्ये तो बंद करावा लागला. माणसे सर्व प्रदेशांतून आली, पण जे तपासायला हवे होते ते त्यांच्यापुढे ठेवलेच गेले नव्हते.

११. अगदी अलीकडचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. रायट गेम्सने 'व्हॅलोरंट' आणताना किमान ७० टक्के खेळाडूंना ३५ मिलिसेकंदांच्या आत पिंग देण्याचे उद्दिष्ट सांगितले. एप्रिल २०२० मध्ये चाचणी अमेरिका, कॅनडा, युरोप येथे सुरू झाली, मग कोरिया, ब्राझील, लॅटिन अमेरिका. भारत त्या यादीत नव्हता. जूनमध्ये खेळ आला तेव्हा येथील खेळाडू सिंगापूरच्या सर्व्हरवर जात. मुंबई-सिंगापूर अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर. निव्वळ प्रकाशाच्या वेगानेही ३९ मिलिसेकंद. म्हणजे आपली गणना उरलेल्या ३० टक्क्यांत आधीच झालेली होती. मुंबईत सर्व्हर आले ते नंतर.

१२. सारांश इतकाच. चाचणीतील खेळाडूच्या तक्रारीवरून खेळ बदलतो; बाहेर राहिलेल्याला तयार खेळाशी जुळवून घ्यावे लागते. म्हणून 'सर्व प्रदेशांसाठी खुले' असे वाचाल तेव्हा तीन प्रश्न अवश्य विचारा : सर्व्हर कोठे आहे? चाचणीत खेळाचा कोणता भाग आहे? आणि आपण कळवलेला दोष दुरुस्त करण्याइतका अवधी अजून उरला आहे का?

थ्रेड समाप्त. तुम्ही प्रथम कोणता ऑनलाइन खेळ खेळलात आणि त्याचा सर्व्हर कोठे होता, हे आठवत असल्यास खाली जरूर लिहा. हाही इतिहासच आहे आणि तो अजून कोणी नीट नोंदवलेला नाही.