मुदपाकखान्याचा पाया

१७९० ते १८०० या काळात अमेरिकेची राजधानी फिलाडेल्फियात होती. मार्केट स्ट्रीटवर रॉबर्ट मॉरिस या व्यापाऱ्याचं मोठं घर होतं, तिथे आधी जॉर्ज वॉशिंग्टन आणि मग जॉन अ‍ॅडम्स राहिले. १८३२ साली ते पाडलं गेलं. उरलेल्या भिंतीही १९५१ मध्ये गेल्या आणि पुढे त्याच जागी सार्वजनिक स्वच्छतागृह उभं राहिलं.

२००० साली शेजारी लिबर्टी बेल या स्वातंत्र्याच्या घंटेसाठी नवी इमारत बांधायची ठरली. काम केंद्र सरकारचं, त्यामुळे १९६६ च्या वारसा-जतन कायद्यानुसार आधी जमीन तपासणं भाग होतं. खणताना मॉरिसच्या बर्फघराचा दगडी अष्टकोनी खड्डा लागला. नोंदी झाल्या, खड्डा बुजवला, इमारत उभी राहिली.

पण २००२ मध्ये इतिहास-संशोधक एडवर्ड लॉलर यांनी या घरावर सविस्तर लेख लिहिला आणि गावात वादळ उठलं. वॉशिंग्टननी इथे नऊ गुलाम ठेवले होते. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यानुसार बाहेरून आणलेला गुलाम सहा महिने सलग राहिला की मुक्त होई. म्हणून मुदत भरण्याआधीच त्यांना राज्याबाहेर नेऊन आणलं जाई. स्वातंत्र्याची घंटा पाहायला येणाऱ्यांना याचा पत्ताच नव्हता. कृष्णवर्णीय नागरिकांनी स्मारकाची मागणी लावून धरली.

स्मारकाच्या बांधकामाआधी, २००७ मध्ये, पुन्हा उत्खनन झालं. नंतरच्या दुकानांच्या तळघरांनी जमीन पोखरलेली असल्यानं फार काही मिळेल अशी आशा नव्हती. तरीही वॉशिंग्टननी मुद्दाम बांधून घेतलेल्या अर्धगोल खिडकीचा पाया सापडला. तिथे उभे राहून ते पाहुण्यांचं स्वागत करीत. त्याच्यापासून काही पावलांवर मुदपाकखान्याचं तळघर निघालं. हर्क्युलस हा नावाजलेला गुलाम स्वयंपाकी इथे राबायचा. १७९७ मध्ये तो वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन या मळ्यातून पळाला. तळघरातून मुख्य घराकडे जाणारी भुयारी वाटही सापडली. नोकर-गुलामांची ये-जा पाहुण्यांच्या दृष्टीआड ठेवणारी ही वाट कुठल्याच ज्ञात कागदात नव्हती. वॉशिंग्टनच्या पत्नी मार्था यांच्या खास सेवेतली गुलाम ओना जज १७९६ मध्ये याच घरातून, मालक मंडळी जेवायला बसलेली असताना, निसटली.

उत्खनन पाहायला उभारलेल्या मचाणावर सुमारे तीन लाख लोक येऊन गेले. तिथे काम करणारे पुरातत्त्वज्ञ त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देत, आणि गुलामगिरीवर अनोळखी माणसं एकमेकांशी बोलू लागत. बांधकामाआधीचं पुरातत्त्वीय सर्वेक्षण म्हणजे परवानगीसाठीचा एक कागद, असं मानणाऱ्यांनी ही गर्दी जरूर आठवावी. हे पाये पुन्हा पुरणं तेव्हा कुणाला पटलं नसतं. स्मारकाचा आराखडा बदलला, पाये काचेखाली दिसतील अशी सोय झाली आणि डिसेंबर २०१० मध्ये स्मारक खुलं झालं. खिडकी आणि मुदपाकखाना तिथे एका नजरेत दिसतात.