विद्युत् नलिकापंखा, प्रतिरूप विमानांचा

विद्युत् नलिकापंखा : आखूड नळीत बसविलेला व विद्युत् चलित्राने म्हणजे मोटरने फिरणारा बहुपाती पंखा. रेडिओ-नियंत्रित प्रतिरूप विमानांत झोत एंजिनाच्या जागी याचा उपयोग करतात. विमानाच्या धडातील प्रवेशमुखांतून हवा आत ओढली जाते, पंखा तिला वेग देतो व ती शेपटाकडील निर्गममुखातून झोताच्या रूपाने बाहेर पडते. यात इंधनाचे ज्वलन होत नाही. असे असले, तरी विमानाचे बाह्यरूप व काही अंशी आवाजही झोत विमानासारखा असतो. लढाऊ विमानाची प्रतिकृती उडविण्याची इच्छा असलेल्या नवशिक्यास आज हेच साधन सर्वांत जवळचे आहे. मात्र ते सुलभ होण्यास बराच काळ लागला. त्यातील अडचणी पंख्यापेक्षा विद्युत् घटमालेच्या व चलित्राच्या होत्या, हे त्याच्या इतिहासावरून दिसते.

पूर्वेतिहास : नळीत पंखा बसवून विमान चालविण्याची कल्पना झोत एंजिनापेक्षा जुनी आहे. इटालियन अभियंते लुईजी स्तिपा यांनी आखलेले व काप्रोनी कारखान्यात बांधलेले विमान ७ ऑक्टोबर १९३२ रोजी उडाले. त्याचे धड पिंपासारखे पोकळ असून एंजिन व प्रचालक त्या पोकळीतच बसविलेले होते. हे विमान संथ होते, तथापि त्यावरून नळीतील प्रचालकाच्या गुणदोषांची प्रत्यक्ष माहिती मिळाली. पुढे २७ ऑगस्ट १९३९ रोजी जर्मनीत हाइंकेल हे १७८ हे झोत विमान उडाले व १५ मे १९४१ रोजी ब्रिटनचे ग्लॉस्टर ई. २८/३९ उडाले. मोठ्या विमानांचा मार्ग त्यानंतर वायुटरबाइनाकडे वळला.

प्रतिरूप विमाने तयार करणाऱ्यांपुढे मात्र वेगळाच प्रश्न होता. टरबाइनाची पाती, त्यांचे समतोलन व उच्च तापमान सहन करणाऱ्या मिश्रधातू या गोष्टी घरगुती कार्यशाळेच्या आवाक्याबाहेरच्या होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर स्पंद-झोत एंजिने वापरून पाहण्यात आली, पण त्यांचा कर्कश आवाज व लाल होईपर्यंत तापणारी नळी यांमुळे ती मुख्यतः तारेने नियंत्रित होणाऱ्या वेगवान प्रतिरूपांपुरती मर्यादित राहिली. १९७०–९० या काळात लहान द्विधाव एंजिनाने फिरणारा नलिकापंखा प्रचारात आला. अमेरिकेत बॉब व्हायोलेट यांनी अशा वेगवान प्रतिरूपांबद्दल नाव मिळविले. ही एंजिने मिनिटास २०,००० हून अधिक फेऱ्यांनी चालवावी लागत. त्यांचे थंड होणे, सुरू होणे व इंधनमिश्रणाचे प्रमाण यांकडे सतत लक्ष द्यावे लागे. १९८३ मध्ये ब्रिटनमध्ये वायुटरबाइनावर चालणारे रेडिओ-नियंत्रित प्रतिरूप उडाले. त्यानंतर जर्मनीतील कुर्ट श्रेकलिंग यांनी घरगुती कार्यशाळेत तयार करता येईल असे टरबाइन सिद्ध केले. त्याच्या संपीडकाचे चाक कार्बन तंतूंनी बळकट केलेल्या प्लायवुडचे होते. तरीही टरबाइन हे अनुभवी व्यक्तीचे आणि खर्चिक साधन राहिले.

विद्युत् शक्तीचा प्रवेश : ३० जून १९५७ रोजी ब्रिटनमध्ये कर्नल एच. जे. टॅप्लिन यांनी ‘रेडिओ क्वीन’ हे रेडिओ-नियंत्रित प्रतिरूप विद्युत् चलित्रावर उडविले. त्यासाठी रौप्य-जस्त घट वापरले होते. जर्मनीत फ्रेड मिलिट्की यांनी याच दिशेने दीर्घकाळ प्रयोग केले. त्यांच्या कार्यातूनच १९७३ मध्ये ऑस्ट्रियात विद्युत् शक्तीवर मानवी उड्डाण झाले. ४ नोव्हेंबर १९७४ रोजी अमेरिकेत रोलंड व रॉबर्ट बाउचर यांचे ‘सनराइझ’ हे सौरशक्तीवर चालणारे वैमानिकरहित विमान उडाले. ही सर्व विमाने हलकी व संथ होती. प्रचालकाची विमाने अशा रीतीने उडू लागली, तरी नलिकापंखा मात्र मागेच राहिला. त्यास थोड्या वजनात पुष्कळ शक्ती लागते आणि ती त्या वेळच्या निकेल-कॅडमियम घटांतून मिळणे कठीण होते. या घटांत दर किलोग्रॅमला सु. ४०–५० वॉट-तास एवढीच ऊर्जा साठत असे. शिवाय ब्रश असलेल्या चलित्रात ठिणग्या व उष्णता यांच्या रूपाने शक्तीचा अपव्यय होई.

ही कोंडी तीन शोधांनी फोडली. १९८३ च्या सुमारास निओडिमियम-लोह-बोरॉन चुंबक उपलब्ध झाले, त्यामुळे लहान चलित्रातून मोठी शक्ती मिळू लागली. ब्रशरहित चलित्र व त्याचा इलेक्ट्रॉनीय वेगनियंत्रक स्वस्त झाले. १९९१ मध्ये लिथियम-आयन घट बाजारात आले व त्यातून पुढे लिथियम-पॉलिमर घटमाला विकसित झाली. तीत दर किलोग्रॅमला सु. १३०–१८० वॉट-तास ऊर्जा साठते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फेसाळ प्लॅस्टिकची तयार प्रतिरूपे आली आणि नलिकापंखा सामान्य छांदिष्टाच्या हाती पडला.

तत्त्व व मर्यादा : रेटा हा दर सेकंदास बाहेर पडणारे हवेचे वस्तुमान व तिला दिलेला वेग यांच्या गुणाकाराइतका असतो. खर्च होणारी शक्ती मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून थोडी हवा वेगाने फेकण्यापेक्षा पुष्कळ हवा सावकाश फेकणे काटकसरीचे ठरते. ६४ मिमी. व्यासाच्या पंख्यातून मधला गाभा वजा जाता हवेस सु. २६ चौ. सेंमी. वाट मिळते. तेथून १·१ किग्रॅ. रेटा मिळविण्यास झोताचा वेग सेकंदास सु. ५८ मी. असावा लागतो व त्यासाठी आदर्श स्थितीतही सु. ३१० वॉट शक्ती लागते. प्रत्यक्षात घटमालेतून ६०० वॉटहून अधिक शक्ती घ्यावी लागते. तेवढाच स्थिर रेटा २५ सेंमी. व्यासाच्या उघड्या प्रचालकास आदर्श स्थितीत सु. १०० वॉटमध्ये देता येतो. झोत विमानाच्या रूपासाठी द्यावे लागणारे हे मूल्य आहे.

दुसरी मर्यादा नियंत्रणाची आहे. विमानाच्या पुढील टोकास असलेल्या प्रचालकाचा वारा शेपटावरून वाहतो, त्यामुळे विमान थांबलेले असतानाही सुकाणू काही प्रमाणात काम करते. नलिकापंख्याचा झोत बंद नळीतून जात असल्याने पुरेसा वेग येईपर्यंत नियंत्रक पृष्ठे दुर्बल राहतात. पंख्यास पूर्ण वेग घेण्यासही क्षणभर लागतो. उतरताना वेग फार कमी केल्यास शक्ती वाढवूनही विमान सावरणे कठीण जाते.

पहिल्या संचाची निवड : पंखा, चलित्र, वेगनियंत्रक, घटमाला व नळी मिळून एक साखळी बनते, तीतील एक दुवा बदलला की इतरांची गणिते बदलतात. म्हणून प्रारंभी सुटे भाग जुळविण्यापेक्षा पंखा व चलित्र कारखान्यातच जोडून समतोल केलेला संच घेणे हितावह असते. पात्यांचा थोडासा असमतोलही मिनिटास ४०,००० फेऱ्यांच्या आसपास कंप उत्पन्न करतो व धारवा झिजवितो. दहा-बारा पात्यांच्या पंख्याचा आवाज टरबाइनासारखा भासतो. मात्र आवाजावरून रेट्याचा अंदाज बांधू नये.

६४ ते ७० मिमी. पंखा व सु. १ किग्रॅ. वजनाचे, रुंद पंखांचे प्रतिरूप ही पहिली पायरी योग्य होय. चार घटांची घटमाला १४·८ व्होल्टची असते. पंखा ४५ अँपिअर प्रवाह घेत असल्यास वेगनियंत्रक किमान ६० अँपिअरचा असावा. २·२ अँपिअर-तासांच्या घटमालेतून हा प्रवाह घेणे म्हणजे तिच्या धारणाशक्तीच्या सु. २० पट दराने विसर्जन होय, म्हणून ३० पट वा अधिक दराची घटमाला घेतात. धारणाशक्तीचा एक-पंचमांश भाग राखून ठेवल्यास पूर्ण शक्तीवर सव्वादोन मिनिटांचे, तर सरासरी २५ अँपिअरवर चार मिनिटांचे उड्डाण मिळते. अधिक वेळेसाठी मोठी घटमाला बसविल्यास पंखभार वाढतो, उतरण्याचा वेग वाढतो आणि नवशिक्याचे विमान नेमके तेथेच मोडते.

जाहिरातीतील रेटा बहुधा गोलाकार ओठाच्या प्रवेशमुखासह, उघड्या मेजावर मोजलेला असतो. विमानाच्या वाकड्या नळीत तो कमी होतो. प्रवेशमुखांचे एकूण क्षेत्रफळ पंख्याच्या वाटेइतके वा किंचित अधिक आणि निर्गममुखाचे त्याच्या सु. ८५–९० टक्के ठेवण्याचा प्रघात आहे. निर्गम फार अरुंद केल्यास झोताचा वेग वाढतो, पण पंखा अडखळतो व प्रवाह वाढून चलित्र तापते. प्रत्यक्ष विमानात वॉटमापकाने प्रवाह मोजणे हाच यावर खात्रीचा उपाय होय.

लिथियम-पॉलिमर घट आघाताने वा अतिभारणाने पेट घेऊ शकतात. भारण करताना त्यांजवळून दूर जाऊ नये व फुगलेला घट वापरू नये. भारतात ‘ड्रोन नियम, २०२१’ नुसार आकाशाचे लाल, पिवळे व हिरवे असे विभाग पाडण्यात आले आहेत. मैदान निवडण्यापूर्वी ते पाहणे आवश्यक ठरते.

टॅप्लिन यांच्या घटमालेपासून आजच्या घटमालेपर्यंत ऊर्जासाठा वाढला, तरी तो केरोसिनच्या मानाने अत्यल्पच आहे. केरोसिनच्या एका किलोग्रॅमातून सु. १२,००० वॉट-तास उष्णता मिळते. नलिकापंख्याचे उड्डाण अद्याप मिनिटांतच मोजावे लागते, ते यामुळेच. म्हणून पहिल्या संचात सर्वाधिक रेट्यापेक्षा हलके विमान, राखीव प्रवाहक्षमता व सावकाश उतरण्याची सोय यांना अधिक महत्त्व असते.