सैल न होणारी मूठ : थॉमसेनच्या आजाराची गोष्ट

स्नायूंचा आजार म्हटलं की आपल्यासमोर अशक्तपणा येतो. हातात जोर नाही, पाय उचलत नाही, वगैरे. आज ज्या आजाराचा इतिहास आपण बघणार आहोत, त्यात प्रकार उलटा आहे. इथे स्नायूत जोर भरपूर असतो, कित्येकदा अंगकाठी पैलवानासारखी असते. अडचण एवढीच की आखडलेला स्नायू वेळेवर सैल होत नाही.

म्हणजे काय होतं? माणूस हस्तांदोलन करतो आणि त्याची बोटं काही सेकंद सुटतच नाहीत. बराच वेळ बसून एकदम उठला, की पाय लाकडासारखे ताठ. दचकला तर ओंडक्यासारखा खाली पडतो, शुद्ध मात्र पूर्ण असते. आणि गंमत बघा, तीच हालचाल पाच-सहा वेळा केली की अंग मोकळं होतं. जिन्याच्या पहिल्या दोन पायऱ्या अवघड, पुढच्या दहा तो सहज चढतो. आता बघणाऱ्याला काय वाटणार? ‘अरे, आत्ता तर चालता येत नव्हतं, आता कसं आलं? नाटक करतोय.’ या आजाराच्या इतिहासात हा संशय फार महत्त्वाचा आहे. किंबहुना इतिहास सुरूच तिथून होतो.

साल १८७६. जर्मनीच्या उत्तर टोकाला, डेन्मार्कच्या सीमेजवळ, श्लेस्विग प्रांतात काप्पेल्न नावाचं छोटं गाव आहे. तिथे युलियुस थॉमसेन नावाचे डॉक्टर होते. हा प्रांत १८६४च्या युद्धात डेन्मार्कच्या हातून गेला आणि पुढे प्रशियात सामील झाला. प्रशियात सक्तीची लष्करी भरती होती. थॉमसेन यांच्या मुलावर आरोप आला, की सैन्यात जायचं टाळण्यासाठी तो सोंग करतोय. हुकूम झाल्याबरोबर पाऊल उचलता येत नाही, पण थोड्या वेळाने येतं, अशा तरुणाबद्दल लष्कराला दुसरं काय वाटणार होतं?

थॉमसेन यांना खरं काय ते माहीत होतं, कारण हा आजार त्यांना स्वतःलाच होता. त्यांच्या आईकडच्या घराण्यात तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला होता. तेव्हा वयाची साठी ओलांडलेल्या या डॉक्टरने एक जर्मन वैद्यकीय नियतकालिक निवडलं आणि स्वतःचं, आपल्या नातेवाइकांचं दुखणं सविस्तर लिहून छापलं. घराण्यातला आनुवंशिक दोष लोक झाकून ठेवत, त्या काळात ही गोष्ट सोपी नव्हती.

या लेखाचं शीर्षक मात्र विचार करायला लावणारं आहे. स्नायूंच्या या आखडण्याचं कारण म्हणून त्यांनी ‘वारशाने आलेली मानसिक प्रवृत्ती’ असं लिहिलं. म्हणजे मुलाला खोटेपणाच्या आरोपातून सोडवताना बापाने दोष मनाच्याच खात्यावर टाकला. त्यात नवल नाही. भीती, संकोच, चारचौघांच्या नजरा यांनी हा त्रास वाढतो, हे ते स्वतःच्या अंगावर अनुभवत होते. पुढच्या सव्वाशे वर्षांचा इतिहास म्हणजे हा दोष मनाच्या खात्यातून काढून योग्य जागी नेऊन ठेवण्याचा इतिहास आहे.

पहिलं पाऊल जर्मन डॉक्टरांनीच उचललं. १८८१ मध्ये श्ट्रुम्पेल यांनी त्याला ‘मायोटोनिया कंजेनिटा’, म्हणजे जन्मजात स्नायूताठरता, असं नाव दिलं. १८८६ मध्ये विल्हेल्म एर्ब यांनी यावर अख्खं पुस्तक लिहिलं. विजेचा झटका दिल्यावर हे स्नायू कसे आखडून राहतात ते त्यांनी नोंदवलं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली जाड झालेले स्नायूतंतू दाखवले. बोट आता मनाकडून स्नायूकडे वळलं होतं.

पण तुम्ही म्हणाल, कशावरून? मज्जातंतूच चुकीचे हुकूम पाठवत नसतील कशावरून? याचं उत्तर दिलं बकऱ्यांनी! अमेरिकेत टेनेसी राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून एक जात पाळली जाते. या बकऱ्या दचकल्या की पाय ताठ करून आडव्या होतात. लोक त्यांना ‘मूर्च्छा येणाऱ्या बकऱ्या’ म्हणतात, पण मूर्च्छा वगैरे काही नसते. त्यांनाही हाच आजार असतो. १९३९ मध्ये ब्राउन आणि हार्वी यांनी त्यांच्यावर प्रयोग केले. मज्जातंतू तोडला, क्युरारे देऊन मज्जातंतू आणि स्नायू यांच्यातला संवाद बंद केला, तरी ताठरपणा कायम! हुकूम देणारा गप्प बसला तरी स्नायू आपला आखडलेलाच. म्हणजे दोष स्नायूतच होता.

स्नायूत, पण नेमका कुठे? इथे जरा शरीरशास्त्र बघू. स्नायूतंतूच्या आवरणावरून विजेची एक लहर जाते आणि तंतू आखडतो. प्रत्येक लहरीनंतर आवरणाच्या बारीक नळ्यांमध्ये थोडं पोटॅशियम साठतं. ते साठलं की आवरण पुन्हा उद्दीपित व्हायला टपलेलं असतं. निरोगी स्नायूत त्याला आवर घालायचं काम क्लोराइडचे कण करतात. त्यांच्यासाठी आवरणात खास दारं असतात, त्यांना क्लोराइड चॅनल म्हणतात. ही दारं कमी पडली की लहरीमागून लहर आपोआप उठत राहते. तपासणीच्या यंत्राला लाउडस्पीकर जोडला, तर सूर मारणाऱ्या बॉम्बफेकी विमानासारखा चढता-उतरता आवाज ऐकू येतो. १९६० आणि ७०च्या दशकांत ब्रायंट आणि लिपिकी यांनी हे आधी बकऱ्यांच्या आणि मग माणसांच्या स्नायूंत मोजून दाखवलं. क्लोराइडची ये-जा खरोखरच घटलेली होती.

पुढचं काम जर्मनीत, हॅम्बुर्गमध्ये झालं. थॉमस येंच यांच्या गटाने १९९१ मध्ये स्नायूतल्या क्लोराइड चॅनलचं जनुक वेगळं काढलं. पुढच्याच वर्षी माणसाच्या सातव्या गुणसूत्रावरच्या या जनुकातले दोष आणि हा आजार यांचं नातं सिद्ध झालं. एक जुनं कोडंही सुटलं. काही घराण्यांत आई किंवा वडील, कुणा एकाकडून दोष आला तरी पुरतो. काही घराण्यांत मात्र दोघांकडूनही यावा लागतो. हा दुसरा प्रकार जर्मनीतल्याच बेकर यांनी वेगळा ओळखला होता. झालं असं, की या चॅनलची प्रथिनं जोडीने काम करतात. बैलजोडीतला एक बैल अडून बसला, की दुसरा कितीही धडधाकट असो, गाडी अडते. थॉमसेनच्या प्रकारात हेच होतं. बेकरच्या प्रकारात बिघडलेलं प्रथिन सहसा दुसऱ्याला अडवत नाही. चांगल्या जोड्या काम निभावून नेतात.

१९९४ मध्ये याच गटाने खुद्द थॉमसेन यांच्या घराण्यातला दोष प्रसिद्ध केला. प्रथिनाच्या साखळीत ४८०व्या जागी प्रोलीनऐवजी ल्युसीन. संपूर्ण साखळीत एक मणी बदललेला. पिढ्यान्‌पिढ्यांची ‘मानसिक प्रवृत्ती’ म्हणतात ती एवढी!

एक सावधानता सांगतो. मूठ न सुटणं हे ‘मायोटोनिक डिस्ट्रॉफी’ या दुसऱ्या आनुवंशिक आजारातही दिसतं. त्यात स्नायू झिजतात, मोतीबिंदू होतो, हृदयालाही धोका असतो. म्हणून तपासणी करून दोन्हींतला फरक ओळखणं गरजेचं आहे. आणि निदान झालेल्या रुग्णाने शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञाला हे आवर्जून सांगावं. भुलीच्या वेळी वापरलं जाणारं सक्सिनिलकोलीन हे औषध अशा स्नायूंना जबरदस्त आखडवू शकतं.

इलाज? आजार मुळापासून बरा होत नाही. पूर्वी क्विनीन देऊन बघत. आता मेक्सिलेटिन हे मूळचं हृदयाच्या ठोक्यांसाठीचं औषध वापरतात. ताठरपणा त्याने कमी होतो, हे २०१२ मध्ये रीतसर चाचणीत दिसलं.

पण औषधाच्याही आधी रुग्णाला काही मिळालं असेल, तर ते म्हणजे त्याच्या बोलण्यावरचा विश्वास. आजही शाळेच्या मैदानावर एखादं पोर शिट्टी वाजल्यावर जागच्या जागी अडतं आणि दोन मिनिटांनी सगळ्यांच्या बरोबरीने धावतं. त्याला ‘आळशी’ म्हणण्याआधी त्याला घट्ट मूठ वळायला सांगा आणि झटकन उघडायला लावा. बोटं हळूहळू उलगडत असतील, तर त्याला डॉक्टरांकडे न्यायला हवं.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.