मुंबई ते तेल अवीव: विमानाचं अंतर आणि वेळ कसा काढायचा?

थळला लागूनच नवगाव आहे. बेने इस्रायल समाज मानतो की त्यांचे पूर्वज जहाज फुटून इथेच किनाऱ्याला लागले. १९४८ नंतर यातली बरीच घरं इस्रायलला गेली. नवगावकर, किहीमकर, चेऊलकर अशी आडनावं घेऊन त्यांची नातवंडं आजही गाव बघायला येतात. त्यांना आणायला गाडी कधी काढायची, हे मला थळमध्ये हटकून विचारलं जातं. म्हणून हिशेब एकदा नीट मांडतो.

सपाट नकाशावर पट्टी ठेवून अंतर मिळत नाही, पृथ्वी गोल आहे. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या. मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व, तेल अवीव ३२.०१ उत्तर, ३४.८९ पूर्व. आता:

साइन(पहिला अक्षांश) × साइन(दुसरा अक्षांश) + कोसाइन(पहिला अक्षांश) × कोसाइन(दुसरा अक्षांश) × कोसाइन(रेखांशांतला फरक)

उत्तर ०.८०५ येतं. कॅल्क्युलेटरवर याचा उलटा कोसाइन घेतला की ३६.४ अंश मिळतात. एक अंश म्हणजे १११.२ किमी, म्हणजे अंतर झालं सुमारे ४,०५० किमी. (कंटाळा आला तर गूगल मॅप्समधलं ‘अंतर मोजा’ हेच काम करतं.)

जेट विमानाचा वेग ताशी ८५० किमी धरा आणि चढ-उतार व धावपट्टीपर्यंत जाण्याचा अर्धा तास मिळवा. सव्वापाच तास झाले. बहुतेक वेबसाइट इथेच थांबतात, आणि इथेच माणूस फसतो.

कारण विमान सरळ जाईलच असं नाही. इस्रायलची एल अल कंपनी वर्षानुवर्षं मुंबईला यायची, पण सौदी अरेबियाच्या आकाशातून जायची तिला परवानगी नव्हती. मग तांबड्या समुद्रावरून खाली येऊन, बाब-अल-मंदेबला वळसा घालून यावं लागे. हाच हिशेब दोन तुकड्यांत करा: मुंबई ते बाब-अल-मंदेब ३,२४० आणि तिथून तेल अवीव २,३२०, मिळून ५,५६० किमी. दीड हजार किमी जास्त! साध्या भागाकाराने सात तास येतात, प्रत्यक्षात पश्चिमेकडे जाताना आठच्या आसपास लागायचे. वर पश्चिमेकडून वारा वाहतो, हिवाळ्यात तर जोरात. जाताना तो समोरून येतो, परतताना पाठीशी असतो.

२२ मार्च २०१८ ला एअर इंडियाचं दिल्ली–तेल अवीव विमान पहिल्यांदा सौदी आकाशातून गेलं. जुलै २०२२ मध्ये सौदीने आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ओमानने इस्रायली विमानांनाही वाट मोकळी केली. पण युद्धाच्या काळात आकाशं बंद होतात, उड्डाणं रद्द होतात. त्यामुळे थेट विमान आहे का, हे आधी बघा आणि त्याची खरी वाट फ्लाइटरडार२४ वर तपासा.

तिकिटावरच्या दोन्ही वेळा स्थानिक असतात. हिवाळ्यात आपण साडेतीन तास पुढे, तर मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर अडीच. हिवाळ्यात रात्री १०ला निघून सकाळी ६.४५ला मुंबईत, म्हणजे पावणेनऊ नव्हे, सव्वापाच तास.

अशा पहाटेच्या विमानासाठी थळहून वडखळमार्गे गाडी रात्रीच काढावी लागते. मांडव्याची रो-रो रात्रभर चालत नाही.